व्हॅक्यूमच्या ओढीवर फिरणारं हत्यार

करवंटी आतून घासायचं काम ज्यांनी केलंय त्यांना तिची पूड चांगली माहीत असते. तपकिरीसारखी बारीक, नाकात जाणारी, केसांत आणि चहाच्या कपात बसणारी. कासार आंबोलीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी मी करवंटीचे डाव आणि झाकणाच्या डब्या करतो. उन्हाळ्यात दोन्ही दारं उघडून काम भागतं. पावसाळ्यात मात्र मुळशीचा पाऊस आडवा येतो, दारं लावून घ्यावी लागतात, आणि मग सगळी पूड आत माझ्याबरोबर. म्हणून व्हॅक्यूम क्लिनरचा पाइप कामाशेजारी बांधायला लागलो आणि तिथेच तो प्रश्न डोक्यात शिरला. एवढी हवा या पाइपातून जातेच आहे, तर तिनेच हत्यार का फिरवू नये?

कल्पना ऐकली की कुणालाही आवडते. पाइपाच्या तोंडाशी छोटं पंख्याचं चाक, त्याच्या शाफ्टवर कॉलेट, कॉलेटमध्ये बर किंवा घासायची सळई. हातात मोटर नाही, त्यामुळे वजन नाही आणि हत्यार तापत नाही. हातापर्यंत वीज येत नाही. आणि जी हवा चाक फिरवते तीच पूड ओढून नेते. मी दोन पावसाळे यावर घालवले. ३ मिमीचा शाफ्ट, ६२३ नंबरची दोन बेअरिंगं, पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि ओळखीच्यांच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं ३ सेंटिमीटरचं चाक, एवढ्या सामानात हत्यार उभं राहिलं. पिरंगुटच्या बाजूला जॉबवर्क करणारे एक अनुभवी टर्नर ते बघायला आले. त्यांनी हातात घेतलं, कानाशी धरलं, मग शिसमाच्या तुकड्यावर टेकवलं. म्हणाले, "दादा, फिरतंय झकास. पण टेकवलं की बसतंय."

थोडक्यात उत्तर तेच आहे. पण कल्पना वेडगळ नाही, म्हणून लांबचं उत्तरही बघायला हवं. ती कुठे चालते, कुठे बसते आणि का, हे एकदा नीट कळलं की शेडमधल्या व्हॅक्यूमचा खरा उपयोगही कळतो.

मुळशीच्या माणसाला टर्बाइन समजावून सांगावं लागत नाही. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली रायगड जिल्ह्यात भिऱ्याला उतरतं आणि तिथल्या टाटांच्या वीजघरात १९२७ पासून पेल्टन चाकं फिरवतं. ज्या गावांची जमीन या पाण्याखाली जाणार होती त्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ पासून सत्याग्रह केला. त्या पाण्याची किंमत या तालुक्याने मोजलेली आहे. पेल्टन चाकाचं काम साधं असतं: नळीतून वेगाने आलेली धार चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि चाक ढकललं जातं. माझ्या पीव्हीसीच्या तुकड्यातलं चाक त्याच जातीचं, फक्त पाण्याच्या जागी हवा.

आता दोघांची तुलना करू. भिऱ्याला पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून येतं, म्हणजे धारेमागे जवळजवळ ५० वातावरणांइतका दाब. व्हॅक्यूम क्लिनरची ओढ मोजायला मी शेजारच्या गोठ्यातल्या दूध काढायच्या मशीनचा गेज मागून आणला. पाइपाचं तोंड पूर्ण बंद केलं तर काटा २० किलोपास्कलच्या जवळ थांबला. म्हणजे एका वातावरणाचा पाचवा हिस्सा. तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर या वर्गाचे क्लिनर सेकंदाला ४० लिटरच्या आसपास हवा ओढतात, पण तेव्हा दाबाचा फरक जवळजवळ शून्य असतो. काम करून घ्यायचं तर मधली जागा पकडावी लागते: १० किलोपास्कल ओढ आणि सेकंदाला २० लिटर हवा. या दोन आकड्यांचा गुणाकार २०० वॅट. क्लिनरच्या पाटीवर १,४०० वॅट लिहिलेलं असलं तरी ते त्याने खाल्लेल्या विजेचं माप आहे. पाइपाच्या टोकाला हवेत उरते ती शक्ती फार तर २०० वॅटच्या घरातली.

गंमत वेगात आहे. १० किलोपास्कलच्या फरकाने बारीक भोकातून आत घुसणारी हवा सेकंदाला १३० मीटरच्या आसपास पळते. भिऱ्याची पाण्याची धार शंभर मीटरच्या आसपास. म्हणजे माझ्या शेडमधल्या हवेची धार टाटांच्या वीजघरातल्या धारेपेक्षा वेगवान आहे! पण पाणी हवेपेक्षा आठशे-नऊशे पट जड. वेग आहे, वजन नाही. हत्याराची सगळी कहाणी या चार शब्दांत आहे.

वेगामुळे हत्यार फिरतं झकास. धारेच्या निम्म्या वेगाने चाकाची कड पळाली तर सगळ्यात जास्त शक्ती मिळते. ३ सेंटिमीटरच्या चाकासाठी हा हिशेब मिनिटाला ४० हजार फेऱ्यांच्या वर जातो. मोटरवाल्या रोटरी टूलचा कमाल वेग ३० ते ३५ हजार असतो, तेव्हा इथे काही कमी नाही. पण घरी केलेल्या एवढ्याशा चाकाची कार्यक्षमता पाव हिस्सा धरली तर २०० वॅटमधले ५० वॅट शाफ्टवर येतात, आणि ४० हजार फेऱ्यांना भागल्यावर त्यातून निघणारा टॉर्क इतका लहान असतो की २५ मिमीच्या कटिंग चकतीच्या कडेला जेमतेम ९० ग्रॅमचा जोर मिळतो. नव्वद ग्रॅम म्हणजे एका मध्यम कांद्याचं वजन. एवढ्या जोरावर लोखंडी सळई कापायची म्हटलं तर चकती तिला कुरवाळत बसेल.

तोच हिशेब उलटा करून बघा. टॉर्क तोच, पण चकतीच्या जागी २ मिमीचा बारीक बर लावला तर कडेचा जोर एक किलोच्या वर जातो. दाताच्या डॉक्टरांकडचं ड्रिल याच न्यायावर चालतं. जॉन बोर्डेन यांचं एअरोटर १९५७ मध्ये बाजारात आलं आणि दात कोरायची पद्धतच बदलली. त्यातलं टर्बाइन करंगळीच्या नखाएवढंही नसतं, मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्या घेतं, आणि बर अगदी लहान असल्यामुळे दातासारखी कठीण वस्तू कोरतं. डॉक्टरही ते दाबून धरत नाहीत, दाबलं की तेही बसतं. फरक एवढाच की त्यामागे कॉम्प्रेसरची दोन-अडीच बार दाबाची हवा असते. ओढीची हवा जास्तीत जास्त एका वातावरणापर्यंतच जाऊ शकते, आणि क्लिनर त्याच्याही पाचव्या हिश्शावर थांबतो.

ही मर्यादा नवी नाही. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये रस्त्याखालून नळ टाकून लहान कारागिरांच्या घरोघरी व्हॅक्यूम पुरवायची व्यवस्था खरोखर उभी राहिली होती. ब्यूबूर रस्त्यावरच्या कारखान्यात मोठे पंप नळांतली हवा ओढून घेत आणि कारागिराच्या खोलीतलं छोटं इंजिन त्या ओढीवर चाले. त्याच शहरात व्हिक्टर पॉप यांनी दाबाच्या हवेचं जाळं पसरलं. पॉप यांचं जाळं विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकलं, ओढीचं मिटलं. दाब हवा तेवढा वाढवता येतो, ओढीला मात्र वातावरणाचं छत असतं. जुन्या जीपचे वायपर आठवतात का? तेही इंजिनाच्या ओढीवर चालायचे. घाट चढताना अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाची ओढ कमी व्हायची आणि ऐन पावसात वायपर रेंगाळायचे. ताम्हिणी चढताना ज्यांनी हे सोसलंय त्यांना ओढीवर विसंबणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आणि तरीही एका जागी ओढीवरचं चाक पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार फिरलं आहे. लहान विमानांत क्षितिज दाखवणारं उपकरण असतं, त्यातला जायरो इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाने फिरतो. त्याला लागणारी ओढ पाच इंच पाऱ्याच्या आसपास, म्हणजे सतरा किलोपास्कल. घरच्या क्लिनरएवढीच! हवेची बारीक धार जायरोच्या कडेवरच्या खाचांवर आदळते आणि तो हजारो फेऱ्या घेत राहतो. तो का चालतो? कारण त्याला काही कापायचं नसतं. बेअरिंगचं घर्षण सोडलं तर त्याच्यावर लोडच नाही. ओढीवरच्या चाकाकडून काय मागावं आणि काय मागू नये, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही.

मग शेडमध्ये काय चाललं, काय नाही? करवंटीच्या आतल्या अंगाला २४० नंबरचा पेपर गुंडाळलेली बारीक सळई चालली, हात हलका ठेवला तर छान चालली. प्लास्टर ऑफ पॅरिस, बाल्सा, मऊ प्लास्टिक चाललं. काचेवर बारीक डायमंड बरने नाव कोरता आलं. पितळेवर फेल्टचा बोळा आणि पॉलिशचा साबण लावला की चाक जागीच बसलं, कारण पॉलिशला दाबच लागतो. सागावर ६ मिमीचा बर रेटत रेटत, शिसमावर नाहीच. लोखंडाचं नाव काढायला नको.

आता त्या गुणाकडे येऊ ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता: तीच हवा चाक फिरवते आणि तीच पूड नेते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, जोर कमी असण्यापेक्षाही. चाक फिरवायला हवा बारीक भोकातून, वेगाने यावी लागते. वीस लिटर हवा त्या वेगाने यायला भोक जेमतेम दीड चौरस सेंटिमीटरचं लागतं. उलट पूड पकडायला बरच्या भोवती रुंद तोंड लागतं, म्हणजे उडालेला कण हातभर पळण्याआधीच आत खेचला जाईल. दोन्ही एकाच वाटेने करायचं तर सगळी पूड चाकाच्या पात्यांवर आदळून, बेअरिंगच्या कडेने जाते. करवंटीचे तंतू शाफ्टभोवती असे गुंडाळले जात की दर अर्ध्या तासाला चिमट्याने ओढून काढावे लागत. गालिचा साफ करायच्या टर्बो ब्रशच्या दांड्यावर घरातले केस जसे अडकतात, अगदी तसं. टर्बो ब्रश हे याच तत्त्वाचं घरगुती रूप आहे, आणि फिरत्या ब्रशवर तळहात टेकवला की तोही निमूट थांबतो. दोन वाटा वेगळ्या केल्या, एक चाकाला आणि एक पुडीला, तर चाक स्वच्छ राहतं, पण हवा वाटली जाते. पुडीची वाट मोकळी केली की पाइपातली ओढ ढासळते आणि चाक मंदावतं. अरुंद केली की पूड पुन्हा नाकात. दोन पावसाळे मी या दोन वाटांचं माप बदलत राहिलो. दोन्ही बाजू खूश होतील असं माप मला सापडलं नाही, आणि हिशेब बघता ते असेल असं वाटत नाही.

ठिणग्यांचं मात्र गांभीर्याने सांगायला हवं. हे हत्यार जे घासेल ते थेट क्लिनरच्या पिशवीत नेतं. काल लाकूड घासलं, पिशवीत भुसा आहे, आणि आज कुणी हौसेने लोखंडाचा खिळा टेकवला तर पेटती ठिणगी वाऱ्याच्या झोतासह थेट भुशात जाऊन पडते. ती तिथे धुमसत राहते आणि आपण दिवा मालवून घरी गेल्यावर पेट घेते. अॅल्युमिनियमची बारीक पूड तर हवेत उडाली असताना स्फोटकच. लाकूड आणि धातू यांना एकच पिशवी कधीही नको, आणि ठिणगी पाडणारं काम या हत्यारावर अजिबात नको. दुसरा धोका वेगाचा. मोटरला वेगाची मर्यादा असते, या चाकाला आवर घालणारं काही नाही. लोड निघाला की ते पळतच सुटतं, आणि चकतीवर छापलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतं. माझ्या पहिल्या प्रिंट केलेल्या चाकाचं एक पातं उडालं ते असंच, काहीही न टेकवता, हवेत फिरत असताना. ते पाइपात ओढलं गेलं म्हणून बरं. डोळ्यांवर चष्मा होता, तरी त्या दिवशी काम तिथेच थांबवलं.

क्लिनरच्या तब्येतीचाही विचार करायला हवा. साध्या कोरड्या क्लिनरची मोटर त्यानेच ओढलेल्या हवेने थंड राहते. पाइपाच्या तोंडाशी दीड चौरस सेंटिमीटरचं भोक ठेवलं की ही हवा निम्मी होते, मोटरचा सूर चढतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत मागचं तोंड हाताला चटका देतं. वेट अँड ड्राय जातीच्या क्लिनरला मोटर थंड ठेवायचा वेगळा पंखा असतो, तेव्हा असला प्रयोग करायचाच तर त्याच्यावर. विजेचं गणितही तितकंच उघडं आहे. १,४०० वॅट घेऊन हातात ५० वॅट यायचे, आणि मोटरवालं छोटं रोटरी टूल १३० वॅटमध्ये त्याहून जास्त काम करतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असली की आमच्याकडे शेड इन्व्हर्टरवर चालते. घरगुती इन्व्हर्टर रोटरी टूल आरामात ओढतो, व्हॅक्यूम क्लिनर लावला की लगेच ट्रिप होतो. आठवड्याची सुट्टीच गुरुवारी असणाऱ्या इथल्या कामगार-कारागिरांना हा मुद्दा छोटा वाटणार नाही.

कुणी म्हणेल, मग कॉम्प्रेसर घ्या. दाबाच्या हवेवरचा डाय ग्राइंडर जोरदार असतो, यात शंका नाही. पण त्याला सहा बारवर मिनिटाला चार घनफूट किंवा अधिक हवा सलग लागते, आणि छंदाच्या शेडमधला एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर तेवढी देता देता धापा टाकतो. शिवाय तो पूड ओढत नाही, उडवतो. सोनारकामातली टांगती मोटर मला सगळ्यात शहाणी वाटते. मोटर वर खिळ्याला, तिच्यापासून लवचिक शाफ्ट, हातात फक्त हँडपीस, पायाखाली वेगाचं पेडल. हुपरीच्या चांदीकामापासून पुण्याच्या पेठांपर्यंत कारागिरांचे हात तिच्यावर बसलेले आहेत. हलकं हत्यार आणि हातात न तापणारी मोटर, या ज्या दोन गोष्टींसाठी आपण व्हॅक्यूमकडे वळतो, त्या ती जोर न घालवता देते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत चक्कर मारली तर साधी रोटरी टूल हजार-दीड हजारापासून आणि टांगत्या मोटरी त्याहून थोड्या वर मिळतात. व्हॅक्यूमवरचं हत्यार जमवायला लागणारी बेअरिंगं, चाकं आणि वाया गेलेले रविवार मोजले तर ते स्वस्त पडत नाही.

गेज परत करायला गेलो तेव्हा गोठ्यातल्या दादांनी विचारलं, "कितीवर चालतं तुमचं?" वीस म्हटल्यावर ते म्हणाले, "आमच्या गाईला पंचेचाळीस लागतं." दूध काढायचं मशीन चाळीस ते पन्नास किलोपास्कल ओढीवर चालतं, पल्सेटर मिनिटाला साधारण साठदा ओढ देतो आणि सोडतो. मशीनचे कप गाईच्या सडांना नुसत्या ओढीने धरून राहतात, खाली पडत नाहीत. परत येताना तेच डोक्यात घोळत होतं. ओढ धरते. रेल्वेचे जुने व्हॅक्यूम ब्रेक अख्खी मालगाडी धरून ठेवायचे. क्लिनरची १५ किलोपास्कल ओढ १० बाय १० सेंटिमीटरच्या पट्टीखाली दिली तर पट्टी १५ किलोच्या जोराने टेबलाला चिकटते. फिरवायला नव्वद ग्रॅम, धरायला पंधरा किलो, आणि क्लिनर तोच!

म्हणून पाइप आता हत्यारावरून काढून टेबलाखाली नेला आहे. प्लायच्या फळीला जाळीसारखी भोकं, कडेने रबराची पट्टी, खालून पाइप. मोटर तापू नये म्हणून एक भोक मुद्दाम उघडं. त्यावर पातळ पट्टी ठेवली की क्लॅम्प न लावता, खुणा न पाडता घासता येते. दुसरा पाइप टांगत्या मोटरच्या हँडपीसजवळ, तारेच्या हातावर, रुंद तोंडाचा. मध्ये रंगाच्या वीस लिटरच्या बादलीवर बसवलेला शंकूच्या आकाराचा सायक्लोन, त्यात बहुतेक पूड खाली पडते आणि पिशवीपर्यंत थोडीच जाते. धातूला वेगळी बादली, तिच्या तळाशी पाणी. इतकं करूनही एन-९५ मास्क लागतोच. लाकडाची बारीक पूड कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे, आणि गुजरातमध्ये खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना दगडाच्या पुडीने जो सिलिकोसिस दिला तो कुठलाही छंद करणाऱ्याने विसरू नये.

पीव्हीसीचं ते हत्यार मात्र टाकलेलं नाही. खुंटीला लटकतंय. करवंटीच्या डबीची शेवटची घासणी, ४०० नंबरच्या पेपरची, मी त्याच्यावरच करतो. त्या कामाला जोर लागतच नाही, उलट जोर लागला तर कड जाते. जरा दाबलं की चाक स्वतःच बसतं, हात उचलला की पुन्हा शीळ घालत सुटतं. परवा भाचीने पहिल्यांदा त्यावर हात चालवला. चाक चार-पाच वेळा बसलं, मग ती शिळेचा सूर ऐकून हात हलका करायला शिकली. डबीच्या आतली कड अशी गुळगुळीत झाली की बोट फिरवत ती बराच वेळ तशीच बसून राहिली.